साडेआठचं शून्य

सोमवार, २ सप्टेंबर २०२४

वाचनालय मिळालं नाही! पंख्याखाली बसून पुस्तकांवर शिक्के मारायचे, एवढंच मागितलं होतं. मिळालं काय — भूगोल विभाग. यादीत माझ्या नावापुढे 'पर्जन्यमापक वाचन' असं लिहिलेलं बघून मागची मुलगी फिसकन हसली. पाऊस मोजायचा डबा वाचायचा म्हणजे नक्की काय, ते मला तरी कुठं माहीत होतं!

'कमवा आणि शिका'च्या मुलाखतीला किती घाबरले होते. उत्पन्नाचा दाखला, बारावीचा निकाल, पासबुक, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून उराशी धरलेलं. योजनेचे समन्वयक गुरुराज सर. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. लवकर उठतेस का? आणि खोटं बोलतेस का? म्हटलं, उठते. दुसऱ्याचं उत्तर द्यायच्या आत त्यांनी सही करून पुढच्या मुलीला हाक मारली.

रोज तीन तास, आठ ते अकरा. हजेरीपत्रकावर सही करायची, महिनाअखेरीला विभागप्रमुखांचा शेरा, मग तासांप्रमाणे पैसे खात्यावर. त्यातून खाणावळ निघते, शिवाय योजनेतल्या मुलींना वसतिगृहात सवलत. म्हणजे सरळ गोष्ट आहे — काम आहे तोवर मी सोलापुरात. अब्बांनीही वैरागच्या स्टँडवर एवढंच सांगितलं, "काम गया तो सीधा घर कू आना." दिवसभर टेम्पो चालवून त्यांना जास्त बोलायची सवय राहिलेली नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

कॉलेजच्या मागं, तारेच्या कुंपणात एक बुटका गोल डबा. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला नरसाळं उचलायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळे पाण्याच्या पातळीला आणायचे, आकडा रजिस्टरात लिहायचा आणि पाणी फेकून द्यायचं. झालं! बाकीचे तास नकाशे पुसा, दगडांच्या नमुन्यांना चिठ्ठ्या लावा.

शिकवलं निंगप्पा मामांनी. विभागातले शिपाई. मूळचे अक्कलकोटकडचे, मध्येच कानडीत शिरतात. मी आठ पंचवीसलाच नरसाळ्याला हात घातला तर हात धरला माझा. म्हणाले, "साडेआठ म्हंजे साडेआठ, यव्वा. पाच मिनिटं त्याची हायत."

त्याची म्हणजे कुणाची, ते विचारलं नाही. ४.६ मिलिमीटर. माझा पहिला आकडा.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज कपाट पुसायचं होतं. हिरवं, लोखंडी. उघडलं आणि फडकं हातातच राहिलं. रजिस्टरं! एकसष्ट. १९६४ पासून, वर्षाला एक. तारीख, वेळ, आकडा, वाचकाचा क्रमांक. नाव कुणाचंच नाही.

आमच्या विभागप्रमुख रुद्राणी मॅडम म्हणाल्या, हे सगळं मुलांनी लिहिलंय, काम करून शिकणाऱ्या. योजनेचं नाव बदलत गेलं, डबा दोनदा गंजला, पण एकही दिवस गाळलेला नाही. एकही! मी मनात गुणाकार केला. बावीस हजारांच्या आसपास सकाळी येतात. पुन्हा केला. तेवढ्याच येतात.

१९७२ काढलं, दुष्काळाचं. पानंच्या पानं ०.०. एका ठिकाणी कंटाळून कुणीतरी 'वरीलप्रमाणे' म्हणून खुणा करत गेलेला. त्यावर लाल शाईत, तेव्हाच्या कुणा सरांच्या हातचं: 'वरीलप्रमाणे चालणार नाही. रोजचं शून्य रोज लिही.' आणि त्याच्या खालून शून्यं सुरू. एक गोल, एक चपटं, एक घाईतलं. प्यायला पाणी नव्हतं तेव्हा हा मुलगा रोज साडेआठला येऊन रिकाम्या बाटलीत वाकून बघत होता! संध्याकाळी खाणावळीत मुलींना सांगितलं तर म्हणाल्या, आमटी वाढ.

सोमवार, १८ नोव्हेंबर

०.०. सलग एकविसावं. बाहत्तरच्या त्या मुलाला सलाम.

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आज मामांशी वाद घातला. पाऊस नाही हे आंधळ्यालाही दिसतं, मग थंडीत कुडकुडत जायचं कशाला? मामा मला डब्यापाशी घेऊन गेले. नरसाळ्याच्या आत, कडेला, दवाचे बारीक थेंब. बाटलीच्या तळाशी ओल. मोजता येईना इतकी. म्हणाले, हे शून्य नाही. याला 'लेश' लिहायचं.

"शून्य हाय म्हनून तुला कुनी सांगितलं? बगितल्याबगर?"

मग येताना मामा स्वतःबद्दल थोडं बोलले. तेही याच योजनेत होते म्हणे, याच कॉलेजात. टी.वाय. अर्धवट सुटली आणि सत्त्याऐंशीला इथंच शिपाई म्हणून लागले. मेअखेरीला निवृत्त. मागच्याच खोलीत राहतात, डब्यापासून हाकेच्या अंतरावर. एवढी वर्षं हाच डबा! मी असते तर वेडी झाले असते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

०.०. मॅडम आज वर्गात म्हणाल्या, पाऊस किती पडला ते कुणीही सांगेल, किती दिवस पडला नाही ते फक्त रोज बघणाराच सांगू शकतो. बाकाखाली हळूच स्वतःचाच हात दाबला. माझ्याबद्दल चाललं होतं की!

शनिवार, २९ मार्च

उद्या पाडवा, परवा ईद (चाँद दिसला तर), मंगळवारी मी परत यायचं तर अम्मी रडेल. बुधवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं थेट साडेआठला येईन. तीन दिवसांचा प्रश्न.

मामांना सांगितलं असतं तर त्यांनी बघितलं असतं. पण मग रजा लिहावी लागते, तीन दिवसांचे तास जातात. या महिन्यात तापामुळं आधीच सहा दिवस गेलेत. हजेरी कमी पडली की शेरा बिघडतो.

म्हणून लिहून टाकलं. ३०, ३१, १. तिन्ही ०.०. हजेरीच्या तीन सह्यासुद्धा. मार्चमध्ये सोलापुरात! बेचाळीस अंश! कोण येणार आहे पडायला?

रोजा होता, हे आत्ता लिहिताना ध्यानात आलं. पण हे खोटं नव्हे. आगाऊ खरं आहे.

सोमवार, ३१ मार्च. वैराग

ईद. शीरखुर्म्याच्या तीन वाट्या. धाकट्या तौहीदला डब्याबद्दल सांगितलं, त्यानं गल्लीभर सांगितलं की आपा पाऊस चालवते. संध्याकाळी जरा ढग आले, गेले.

बुधवार, २ एप्रिल

बाटलीत पाणी आहे.

होतं. साडेआठला पोचले, धापा टाकत. डब्याच्या अंगावर चिखलाचे शिंतोडे, वाळलेले. नरसाळं उचललं तर बाटली जड.

सोमवारी रात्री पडला म्हणे. वॉचमननं सांगितलं, अर्धा तास, विजांसकट. म्हणजे एक तारखेच्या सकाळचा आकडा. माझ्या सुंदर अक्षरात तिथं ०.० आहे.

मोजलं. ११.२. दोनदा मोजलं. आसपास कुणी नव्हतं. पाणी जास्वंदीला ओतलं आणि आजच्या तारखेला ०.० लिहिलं. आज खरंच काही पडलेलं नाही, तेवढं एक खरं.

हे इथंच लिहितेय. दुसरीकडं कुठं लिहू?

गुरुवार, ३ एप्रिल

सांगितलं तर योजनेतून नाव जातं. नियम छापलेला आहे, फॉर्मच्या मागं, क्रमांक नऊ: खोटी नोंद केल्यास तात्काळ कमी करण्यात येईल. नाव गेलं की सवलत गेली, सवलत गेली की वैराग. न सांगितलं तर काहीच होत नाही. कुणाला कळणार आहे!

दुपारी कपाट उघडून बसले. माझ्यासारखं आणखी कुणी केलं असेल का, म्हणून सणासुदीच्या तारखा बघत गेले. आता मला ते ओळखता येतं. रोजची शून्यं रोज वेगळी असतात. एका बैठकीतली सारखी दिसतात, एकाच शाईची, एकाच कलानं वाकलेली. बहुतेक वर्षं स्वच्छ. मग १९८६. दिवाळी. चार शून्यं, एका दमात लिहिलेली. वाचक क्र. ७. पाचव्या दिवशीचं शून्य मात्र इतकं थरथरलेलं की बघवेना.

कोण होतास रे बाबा? तुझ्याही बाटलीत पाणी होतं का?

सोमवार, ७ एप्रिल

विद्यापीठातलं कुणीतरी अवकाळी पावसावर अभ्यास करतंय, त्यांना आपले आकडे हवेत. मॅडम तक्ता करत होत्या. मला म्हणाल्या, एक एप्रिलचा आकडा वाच गं.

मी वाचला. शून्य.

त्या थांबल्या. म्हणाल्या, गंमत बघ, आमच्या भागात, जुळे सोलापुरात, त्या रात्री धो धो पडला, गच्चीवरच्या माझ्या सगळ्या कुरडया भिजल्या. मला वाटलं आता पेन खाली ठेवतील आणि माझ्याकडं बघतील. त्यांनी तक्त्यात शून्य लिहिलं! वर म्हणाल्या, पाऊस असाच असतो, गल्लीच्या अलीकडं आणि पलीकडं, आता यावर मी वेगळं टिपण लिहिणार.

"रजिस्टर शून्य म्हणतंय ना? मग इथं शून्यच. एकसष्ट वर्षांच्या पुढं माझ्या कुरडयांचं काय घेऊन बसलीस."

स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला पाऊस त्यांनी माझ्या शून्यासाठी सोडून दिला. माझ्या! रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आता माझं खोटं छापून येणार, खाली कॉलेजचं नाव, आणि बाहत्तरच्या त्या मुलाची सगळी शून्यं माझ्या एका शून्याला जामीन राहणार.

मंगळवार, ८ एप्रिल

सांगितलं.

मॅडमच्या टेबलापाशी उभं राहून, रजिस्टर छातीशी धरून. तीन वाक्यांत झालं. मॅडमनी चष्मा काढला. ओरडल्या नाहीत. किती होतं, एवढंच विचारलं. म्हटलं, ११.२, पण दोन तारखेला मोजलेलं, तोवर किती उडालं असेल माहीत नाही. त्या म्हणाल्या, मग तो आकडा एक तारखेचा म्हणून लिहिता येत नाही. तो दिवस गेला. साठ वर्षांत पहिल्यांदा.

तेव्हा दारातून मामा म्हणाले, "गेला न्हाय, मॅडम."

खिशातून एक बारकी वही काढली. कडा काळ्या पडलेल्या. बोट ठेवून वाचलं: अनिसा, तीस मार्च ते एक एप्रिल, तीन दिवस. तीसला शून्य, एकतीसला शून्य, एकला साडेआठ वाजता ११.४. पाणी परत ओतलं.

परत ओतलं! मापून, पुन्हा बाटलीत! मला इतका राग आला की रडू थांबलं. म्हटलं, म्हणजे मामा, तुम्ही माझी परीक्षा घेत होतात?

"न्हाय यव्वा. पानी तुझं हुतं. मी कोन ते फेकनार?" मग म्हणाले, "ओतताना दोन थेंब सांडलं आसतील. त्येवडं माफ कर."

११.४ आणि ११.२. फरक तेवढाच.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुट्टीच्या दिवशी मामा नेहमीच साडेआठला येतात, मूल येवो न येवो. एखादं आगाऊ लिहून गेलेलं असलं तर रजिस्टराला हात लावत नाहीत, वहीत लिहितात. रकाने आखलेत — नाव, दिवस, किती, कधी सांगितलं, कुणाला. ज्यांनी सांगितलं त्यांचं रजिस्टर दुरुस्त झालं. एकजण नऊ वर्षांनी फोन करून बोलला म्हणे, पुण्याहून. ज्यांनी कधीच सांगितलं नाही त्यांचे आकडे वहीत थांबून आहेत.

मॅडम खुर्चीत मागं रेलल्या. म्हणाल्या, म्हणजे निंगप्पा, एकसुद्धा दिवस हरवलेला नाही?

मामा वहीकडं बघत होते. "सत्त्याऐंशीपासनं न्हाय."

वही मॅडमनी मागितली, तर म्हणाले आकडे उतरवून देतो. हातातून सोडली नाही. माझ्या शून्यावर मॅडमनी लाल शाईची एक रेघ मारली, शून्य खालून दिसेल अशी, आणि शेजारी ११.४. खोडरबर या विभागात नाहीच.

काय माणूस आहे हा! अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या सुट्टीतला पाऊस एकटा मोजत बसलाय आणि मॅडमनासुद्धा माहीत नाही. मी आज दिवसभर त्याच्या चपलांकडं बघत होते. साध्या, टाचेला झिजलेल्या.

गुरुवार, १० एप्रिल

नाव गेलं. गुरुराज सरांनी नियम नऊ मला वाचून दाखवला, मोठ्यानं, जणू मी तो पाठ केलेला नाही. सत्र संपेपर्यंत कमी. जूनमध्ये पुन्हा अर्ज करता येईल, विभागाचा शेरा बघून. सवलत आजपासून बंद.

मग म्हणाले, "मुलाखतीत तुझ्या दुसऱ्या उत्तराआधीच मी सही केली होती. चूक माझी. ते उत्तर आत्ता मिळालं." आणि परवा मॅडमनी माझ्याकडून लिहून घेतलेल्या कबुलीला टाचणी लावून ती फाईलमध्ये ठेवली. चांगलं म्हणाले की वाईट, अजून कळलं नाही.

अब्बांना फोन केला. सगळं सांगितलं.

शनिवार, १२ एप्रिल

अब्बा आले! मार्केट यार्डात कांदा उतरवून थेट वसतिगृहाच्या गेटवर. मी पिशवी भरूनच खाली गेले, कपड्यांची. मनाची तयारी केली होती. त्यांनी पिशवीकडं बघितलं आणि टेम्पोतून एक पत्र्याचा डबा काढला. कडक भाकरी. चाळीस-पन्नास तरी. अम्मीनं दोन दिवस चुलीपुढं बसून भाजलेल्या, महिनाभर टिकतील अशा. वर शेंगाचटणीची बरणी.

"खुद होके बोली ना? तो रह."

एवढंच बोलले आणि गाडी वळवली. खोलीच्या भाड्याचं वसतिगृहाच्या मॅडमशी ते आधीच बोलून आलेले, जूनपर्यंत थांबतील म्हणून. मी भाकरीचा डबा घेऊन गेटवरच बसले. हे माझेच अब्बा? एवढी वर्षं मी त्यांना ओळखलंच नव्हतं की काय!

रविवार, १३ एप्रिल

०.०. गेले होते. हजेरी नाही, तास नाहीत. तरी साडेआठला पाय तिकडंच वळले. मामांनी किल्ली पुढं केली.

मंगळवार, ६ मे

परीक्षा. सकाळी आधी डबा, मग पेपर. ०.०. भाकरी अजून कुरकुरीत.

शुक्रवार, ३० मे

जूनचा अर्ज दिला. रुद्राणी मॅडमचा शेरा गुपचूप वाचला: 'हिने लिहिलेले शून्य मी न बघता मान्य करीन.' दोनदा वाचला. मग जिन्यात जाऊन रडले.

शनिवार, ३१ मे

मामा निवृत्त झाले. शाल, नारळ, फेटा. भाषण करा म्हटलं तर "काय बोलू" म्हणून खाली बसले. जाताना ती वही माझ्या हातात दिली, आता तू सांभाळ म्हणाले, आणि फेट्यासकट सायकलवर बसून गेले.

आत्ता पहिलं पान उघडलं. सगळ्यात वरची ओळ, जुनी, फिकट निळी.

नाव: निंगप्पा, एस.वाय., वाचक क्र. ७. दिवस: दिवाळी १९८६, चार. किती: न मोजता ओतलं. कधी सांगितलं: इथं आजची तारीख, काळ्या शाईत, माझ्या बोटाला लागली. कुणाला: अनिसा.